मागच्या जोडीतला दुसरा

ऑर्मंड, ५ सप्टेंबर २००६

लॉर्न,

पाकिटावर नाव घातलं नाही ते मुद्दाम. माझं नाव बघून तू ते न फोडताच ठेवून दिलं असतंस, आणि तुझ्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं.

सहा वर्षं मी तुझ्याशी बोलले नाही. पीटरच्या मातीला तू आला नाहीस त्याचा राग होता, अजून आहे. सोळा वर्षांचा होतास तेव्हा एका बॅगेत सगळं बिऱ्हाड कोंबून आमच्या दारात उभा राहिलास. हॉकी संघवाले म्हणाले होते, "एक हिवाळा ठेवून घ्या पोराला. उत्तरेकडच्या खाणीच्या गावचा आहे, फार बोलत नाही." बोलत नाही ते खरं निघालं, पण खातो किती ते कुणी सांगितलं नव्हतं. एका हिवाळ्याचे तीन झाले. पीटर रोज तळघरात बसून तुझ्या स्केटना धार लावायचा, पोटच्या मायरनच्या आधी तुझ्या. आणि त्याला खांदा द्यायची वेळ आली तेव्हा तू फोनवर काय म्हणालास? "प्रशिक्षकानं संघ सोडून कसं यायचं, तेता?" मला तेता म्हणजे मावशी म्हणायचं आणि वर हे! मी फोन ठेवला तो ठेवलाच.

आता काम पडलंय म्हणून लिहितेय. आधी चार गोड शब्द पेरायचे आणि मग हळूच मुद्द्यावर यायचं, हे मला जमत नाही. मायरनला तुझ्याकडे कामाला घे.

खाणीतून त्याला वसंतातच काढलं. बायको, डेब्रा, तर केव्हाच निघून गेली. दिवसभर घरात असतो, खिडकीशी बसतो, मी सांगितलं की लाकडं फोडतो आणि मी थांब म्हणेपर्यंत फोडतच राहतो. कार्डेलच्या क्लबातल्या पोरांना तू शिकवतोस, तुझ्या हाताखाली मागच्या फळीचं बघायला माणूस लागतोच ना? बचाव कसा करायचा हे मायरनला शिकवायला लागणार नाही. तू तेरा वर्षं मोठ्या लीगमध्ये खेळलास, मग जर्मनीत खेळलास, मग गुडघा गेला, मग प्रशिक्षक झालास, सगळं मी रेडिओवर ऐकलंय. राग होता म्हणून काही कानात बोळे घातले नव्हते. तो रेडिओवाला म्हणायचा, "पकची चकती कुठे जाणार हे या माणसाला आधीच कसं कळतं?" तेव्हा मी इकडे स्वयंपाकघरातून त्याला ओरडायचे, "अरे बाबा, दुसऱ्या बाजूला माझा मायरन समोरच्याला भिंतीत चेपत उभा असायचा, म्हणून याला बघत बसायला सवड मिळाली, तिथे शिकला तो!"

तब्येत चांगली आहे त्याची. जरा गप्प असतो आणि झोप कमी झालीय, बाकी बैल आहे.

खरं सांगू का, नोकरीचं निमित्त आहे. मी पंचाहत्तरची झाले. छातीसाठी सकाळी दोन गोळ्या, संध्याकाळी एक. माझ्यामागे मायरनचं कोण, हे एकच माझ्या डोक्यात असतं. भाऊ नाही, बहीण नाही, मूल नाही. होता तो एक तू.

नाही म्हणायचं असेल तर लगेच म्हण, ताटकळत ठेवू नकोस.

स्टेफा हावरिलुक


ऑर्मंड, २२ ऑक्टोबर २००६

लॉर्न,

घेतलंस त्याला. आता "उपकार झाले" असं माझ्या तोंडून ऐकायची वाट बघत असशील तर बघत बस. पण बिटाचं बोर्श केलं की आता मी तुझ्या नावाचं वाटीभर बाजूला काढते आणि दुसऱ्या दिवशी मीच खाते.

दर रविवारी मायरनचा फोन येतो. इतकं बोलताना मी त्याला कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. "आई, मला टाय बांधायला लागतो. लॉर्न बांधून देतो."

"तुला बांधता येत नाही?"

"येतो गं. त्याला घाई असते."

म्हणाला, काम काही अवघड नाही. पोरं बेंचवर बसलेली असतात, तो त्यांच्या पाठीमागे उभा. तू जोडीचं नाव घ्यायचंस आणि त्यानं त्या दोघांच्या खांद्यावर थाप मारायची. थाप पडली की पोरं कठडा ओलांडून बर्फावर, आणि दमलेली जोडी परत. "म्हातारा बिल प्रशिक्षक होता तेव्हा आम्हाला मारायचा तशीच थाप, आई. मी मात्र हळू मारतो." म्हाताऱ्या बिलच्या थापांनी तुमचे खांदे काळेनिळे व्हायचे, मी दोघांना मलम लावायचे, आठवतं ना?

पोरांची नावं लक्षात राहायला त्याला वेळ लागेल, एवढं मनात ठेव. लहानपणापासून नावांच्या बाबतीत तो असाच आहे.

तू पेरोगीच्या पारीसाठी पिठात अंडं घालतात का म्हणून विचारलंस, मी सांगितलं नाही, आंबट साय घालतात. मंगळवारी परत फोन करून तेच विचारलंस. इतकी आठवण येत असेल तर गाडी काढ आणि ये की जेवायला, तीन तासांचा तर रस्ता. नाहीतर आपला म्हातारीचा आवाज ऐकायला फोन करत असशील. कर, मला चालतो.

तेता


ऑर्मंड, ७ जानेवारी २००७

लॉर्न,

काल आमच्या जुन्या युक्रेनी पंचांगाप्रमाणे ख्रिसमसची आदली रात्र झाली. तू येशील असं वाटलं नव्हतं आणि तू मायरनला घेऊन आलास. उपासाचे बारा पदार्थ मांडलेले आणि तू मांस कुठाय म्हणून शोधतोयस! इतक्या वर्षांत त्या रात्री या घरात कधी मांस शिजलेलं तू बघितलंस का? मी म्हटलं, "मोठ्या लीगमध्ये जाऊन बाटलास." तू हसलास आणि पीटरच्या फोटोसमोर जाऊन बराच वेळ उभा राहिलास. माफी मागितली नाहीस, बरं केलंस. मागितली असतीस तर मला काहीतरी उत्तर द्यायला लागलं असतं.

आज हे लिहितेय ते जेवणानंतरच्या बोलण्यासाठी. मायरन गाडीचं इंजिन गरम राहावं म्हणून वायर लावायला बाहेर गेला, आणि मी तुला सांगायला तोंड उघडलं. सास्काटूनच्या डॉक्टरनं गेल्याच वर्षी त्याच्या डोक्याचे फोटो काढले होते, हे मी तुला सप्टेंबरमध्ये लिहिलं नव्हतं. लिहिलं असतं तर तू त्याला घेतलं नसतंस. पण माझं वाक्य पुरं व्हायच्या आत तूच म्हणालास, "तेता, मला पहिल्याच आठवड्यात कळलं."

"कसं?"

"एका पोराला तो म्हातारा बिल म्हणाला."

मग तू पोरांच्या हेल्मेटवर पाठीमागे पांढरी पट्टी लावून ठळक अक्षरांत नावं लिहवून घेतलीस, म्हणजे मायरनला विचारावं लागणार नाही. सगळ्यांना वाटतं कार्डेलची ती फॅशन आहे. हे ऐकून मी भांडी घासायला उठले, कारण तुझ्यासमोर रडायचं नव्हतं.

पाठमोरी होते तरी तू बोललास ते मी नीट ऐकलंय. "आमच्या वेळी डोक्यावर काही नसायचं. माझ्या वाटणीचे टोले पण त्यानंच खाल्ले. तुझ्यानंतर तो माझ्याकडे राहील, तेता. त्याची काळजी करू नकोस." अगदी असंच म्हणालास. शब्द फिरवू नकोस पुढे.

काल मी झोपेचं औषध न घेता झोपले आणि सकाळी उजाडल्यावरच जाग आली.

तेता


ऑर्मंड, २७ मार्च २००७

लॉर्न,

टीव्हीवर बघितलं मी. चर्चच्या हॉलमध्ये मोठा टीव्ही लावला होता, सगळे जमले होते, मायरनमुळे आख्खं ऑर्मंड तुमच्या बाजूनं होतं.

शेवटचा सामना, तुम्ही एका गोलनं पुढे, मिनिट-दीड मिनिट राहिलेलं. पाद्र्यांच्या बायको माझा हात दाबून म्हणाल्या, "स्टेफा, जिंकलं तुझ्या मायरननं." आणि त्याच वेळी तो सूट घातलेला माणूस कठड्यावरून पलीकडे उतरला. आधी कुणाला कळेना. हॉलमध्ये कुणीतरी हसलं. साध्या बुटांवर माझा मायरन घसरत घसरत डाव्या बाजूला गेला, त्याच्या जुन्या जागेवर, आणि गुडघे वाकवून उभा राहिला. हातात स्टिक नाही, डोक्यावर काही नाही. पोरं त्याच्या आजूबाजूनं सुसाट जात होती. पंचानं शिट्टी वाजवली. मग हॉलमध्ये कुणी हसलं नाही.

बर्फावर एक माणूस जास्त, म्हणून शिक्षेला तुमचा एक पोरगा बाहेर बसला, आणि त्यांनी बरोबरी केली. पुढचं मी बघितलं नाही. तुम्ही हरलात हे घरी येताना मला पोस्टातल्या बाईनं गाडी थांबवून सांगितलं, जसं काही मी विचारलं होतं.

लॉर्न, मला फार वाईट वाटतंय. पोरांच्या दोन वर्षांच्या मेहनतीवर पाणी पडलं. पेपरात तुझं छापून आलंय, "मायरन आजारी आहे. आम्हाला हे आधी कळायला हवं होतं." तुला कळलेलं होतं, पण तू तसं बोललास ते मी समजू शकते. तुला नोकरी टिकवायची आहे आणि मायरनची गेलीच आहे. फक्त त्याला एकट्याला बसमध्ये बसवून पाठवलंस ते मला आवडलं नाही. स्वतः आणून सोडायचं होतंस. बसवाला ओळखीचा म्हणून बरं, तो त्याला हाताला धरून दारापर्यंत घेऊन आला आणि म्हणाला, "बाई, रस्ताभर यानं मला उजवीकडचा सांभाळ, उजवीकडचा सांभाळ म्हणून डोकं खाल्लं."

तुला राग आला असेल तर येऊ दे, पण जानेवारीत बोललास ते मोडू नकोस. एवढंच मागते.

तेता


ऑर्मंड, १९ एप्रिल २००७

लॉर्न बार्टलेट,

पूर्ण नाव घेतलंय त्यावरून काय ते समज.

आल्यापासून मायरन एकच सांगतोय. "आई, मी उगाच नाही गेलो. त्यानं थाप मारली."

मी म्हणायचे, "थाप तू मारायची होतीस, राजा. पोरांना."

"मी पोरांनाच मारतो. पण त्यानं मला मारली. दोन मारल्या."

"बरं."

"बरं काय बरं? तुला खोटं वाटतंय." मग तो ताट सरकवायचा. जेवायचा नाही. किराणा दुकानात त्यानं हेच एकाला सांगितलं, तर तो म्हणाला, "हो हो, मायरन, आणि मला पण मारली, पण मी गेलो नाही." दुकानभर हशा. अठ्ठेचाळीस वर्षांचा माझा मुलगा डोळ्यांत पाणी आणून दुकानातून बाहेर पडला आणि घर विसरला. दोन गल्ल्या पलीकडे सापडला.

तेव्हा मी ऑर्विलकडे गेले. तोच, आपल्या रिंकवर बर्फ करणारा. त्याच्या मुलानं सामना टेपवर घेतला होता. ऑर्विल म्हणाला, "कशाला बघतेस, स्टेफा? बघून काय होणार?" मी म्हटलं, "गप लाव."

तिसऱ्यांदा बघितल्यावर मला दिसलं. कॅमेरा बेंचवर एवढासाच येतो. तू तुझी जागा सोडून बेंचच्या त्या टोकाला जातोस. मायरनच्या मागे उभा राहतोस. त्याच्या खांद्यावर दोन थापा मारतोस आणि हनुवटीनं बर्फाकडे खूण करतोस. मायरन वळून तुझ्याकडे बघतो. मग चष्मा काढतो, शेजारच्या पोराच्या हातात देतो आणि कठड्यावर पाय टाकतो. ऑर्विल म्हणाला, "अरे देवा, हा तर याला पाठवतोय."

वीस वर्षं माझ्या घरात हॉकीची पोरं राहिली. त्या थापेचा अर्थ काय हे मला कुणी शिकवायला नको.

का केलंस असं? ताणामुळे हात चुकला म्हणावं, तर माणसं चुकतात. तू उठून म्हणायचंस, "मी चुकून पाठवलं." लोक चार दिवस हसले असते, तुझ्यावर. पण तू गप्प बसलास. तू म्हणालास तो आजारी आहे. ज्यानं तुझ्या वाटणीचे टोले खाल्ले असं माझ्या स्वयंपाकघरात उभं राहून म्हणतोस, त्यालाच हाही एक टोला खायला लावलास. मायरन वेडा झाला हे सगळ्यांनी मान्य केलंय, त्याच्या आईनंसुद्धा. तो एकटाच खरं बोलत होता.

पीटरच्या मातीला आला नाहीस तेव्हा मी म्हटलं होतं, पोरगं निर्दयी आहे. ते चुकलंच माझं. तू निर्दयी नाहीस, तू भित्रा आहेस.

मला उत्तर पाहिजे. थाप मारलीस की नाही? हो म्हण, आणि त्याला फोन करून सांग. एवढं केलंस की बाकीचं मी माझं बघेन. त्याला तुझ्याकडे ठेवायचा विचार मी सोडून दिलाय.

स्टेफा हावरिलुक


ऑर्मंड, १० मे २००७

लॉर्न, पोरा,

तुझं पत्र आज मिळालं. पोस्टात उभ्या उभ्याच फोडलं, कारण तुझं उत्तर वाचायच्या आधी बसले असते तर परत उठले नसते इतकी मी चिडलेली होते.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं, थट्टा करतोय. मग वाटलं, दारू पिऊन लिहिलंय. पण तू कधी पीत नव्हतास, आणि अक्षर तेच, शाळेतल्यासारखं, रेघेवर बसलेलं. तू खोटं बोलतोस तेव्हा किती पाल्हाळ लावतोस हे मला ठाऊक आहे. सतराव्या वर्षी पीटरची गाडी खड्ड्यात घातलीस तेव्हा हरणाची गोष्ट अर्धा तास सांगत होतास. या पत्रात चारच ओळी आहेत. त्या मी इथे परत लिहिते, म्हणजे तूही वाचशील.

"तेता, मी मायरनला थाप मारली नाही. मी कशी मारणार? मी तर बर्फावर होतो. उजवीकडे उभा राहून त्याची वाट बघत होतो, तोच यायला उशीर झाला. पण त्याला रागावू नकोस, तो दमला होता."

पोस्टातल्या बाईनं विचारलं, "काही वाईट बातमी?" मी म्हटलं, "नाही, लॉर्नचं पत्र आहे." मग घरापर्यंत चालत आले, गाडी तिथेच राहिली.

तुला मी भित्रा म्हणाले. ते पत्र फाडून टाक, किंवा ठेव, पण परत वाचू नकोस.

लॉर्न, टेपमध्ये तू बेंचवर आहेस, तपकिरी सूट, गळ्यात शिट्टी. तुझे केस पिकलेत. तू बर्फावर नव्हतास रे. एकोणतीस वर्षं झाली तुम्ही दोघं एकत्र शेवटचे उतरलात त्याला. हे तुला लिहावं की नाही यावर मी चहाचे दोन कप घालवले. लिहितेय, कारण माझ्याशिवाय तुला हे कोण सांगणार? क्लबवाले सांगणार नाहीत, ते तुला पुढच्या हंगामासाठी ठेवतायत. आणि तुझ्या घरी तर कुणी नाहीच.

मी रागावलेली नाही. मला भीती वाटते. गेलं वर्षभर देवाकडे एकच मागत होते, माझ्यामागे मायरनला बघायला एक माणूस दे. तो मिळाला म्हणून जानेवारीत शांत झोपले. आता तो माणूसच असा. काल रात्रीपर्यंत मला एका मुलाची काळजी होती. आज घरी आल्यावर मी छातीची गोळी घेतली आणि डॉक्टरला फोन केला, त्याला म्हटलं, मला आणखी जगायचंय, काय करायला लागेल ते सांग. तो हसला. त्याला वाटलं मी गंमत करते.

शनिवारी आम्ही तुला न्यायला येतोय. ऑर्विल ट्रक चालवेल. तू गाडी बाहेर काढू नकोस, अगदी दुकानापर्यंतसुद्धा नाही. क्लबला काही सांगू नकोस, ते मी बघते. थोडे कपडे भर, नाही भरलेस तरी चालेल, पीटरचे आहेत. सास्काटूनच्या त्याच डॉक्टरकडे सोमवारी जायचं. तिथे तू हट्ट करायचा नाहीस.

मायरनला मी हे कसं सांगावं ते कळत नव्हतं. शेवटी एवढंच म्हटलं, "लॉर्नला आणायला जायचंय, येतोस?"

"कुठाय तो?"

तुझं पत्र माझ्या हातात होतं. माझ्या तोंडून निघून गेलं, "म्हणतोय बर्फावर आहे."

त्यानं चमचा खाली ठेवला. दुकानातल्या दिवसापासून पहिल्यांदाच तो माझ्याशी नीट बोलला. "अजून? कधीपासून आत आहे तो? अगं आई, पाय गळून गेले असतील त्याचे. बाहेर कुणी बोलावलं नाही का त्याला?"

मी म्हटलं, "नाही, कुणी नाही बोलावलं."

शनिवारला अजून दोन दिवस आहेत म्हणून सांगितलं तरी ऐकत नाही. कोट घालून दाराशी उभा आहे.

तेता